उन्हाळी लागली म्हणून किती दिवस सोसावें?

मराठींत ह्या दुखण्यास नांवच असें पडलें आहे कीं, त्याचें कारण त्या नांवांतच सांगून टाकलेलें आहे. लघवीला जळजळ होऊं लागली कीं आपण ‘उन्हाळी लागली’ असें म्हणतों. आणि एकदां उन्हाळी म्हटली म्हणजे ती उन्हानें, जागरणानें, अगर तिखट खाण्यानें लागली असें ठरूनच जातें. मग घरांतील वडील मंडळी धण्याजिऱ्याचें पाणी, वाळ्याचें पाणी, सब्जा, शहाळें इत्यादि उपाय सुचवितात, आणि चार दिवसांत जळजळ थांबली म्हणजे निदानही खरें ठरतें व उपायही. ह्यांत वाईट असें कांहींच नाहीं. वैशाखांत घाम फार जाऊन लघवी थोडी व दाट होते, ती जातांना चुरचुरते, आणि पोटांत पुरेसें पाणी गेलें कीं चुरचुर थांबते, हें खरेंच आहे. परंतु आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून जी तक्रार वारंवार आढळते ती ह्या चार दिवसांच्या उन्हाळीची नव्हे. आठवडेच्या आठवडे न जाणारी, किंवा गेली असें वाटून पंधरा दिवसांनीं परत येणारी अशी ती असते. पत्रें बहुतेक स्त्रियांचीं असतात, आणि त्यांतील बहुतेकींनीं शेवटीं ‘नांव छापूं नये’ अशी विनंती केलेली असते. कित्येकींनीं तर ही गोष्ट घरांत कोणासही सांगितलेली नसते. आम्हांस मात्र चार पानें भरून लिहिलेलें असतें.

एका लक्षणास एकच कारण असावें ही समजूत आपली आहे. जुन्या वैद्यांची ती नव्हती. माधवनिदानांत मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत वात, पित्त, कफ व सन्निपात ह्या चारांखेरीज इजेमुळें होणारें, मळ अडल्यामुळें होणारें व अश्मरीमुळें, म्हणजे मूतखड्यामुळें होणारें, असेही प्रकार आहेत. त्यांच्या उपपत्तीशीं आजचें शास्त्र सहमत नाहीं हें उघड आहे. तथापि ‘जळजळ होते’ एवढे शब्द ऐकून न थांबतां, ही जळजळ कोणत्या प्रकारची, असा पुढचा प्रश्न विचारण्याची त्यांची रीत होती. मळ अडल्यामुळें लघवीचा त्रास होतो ही गोष्ट तर आजचे बालरोगतज्ज्ञही सांगतात. बद्धकोष्ठ असलेल्या मुलाचें आंतडें भरून मूत्राशयावर दाब येतो, तो पुरता रिकामा होत नाहीं, आणि मागें राहिलेल्या लघवींत जंतु वाढण्यास संधि मिळते. मुलास वारंवार उन्हाळी लागते अशी तक्रार करणाऱ्या मातांनीं त्याच्या शौचाकडे आधीं लक्ष द्यावें.

आतां नेहमींच्या कारणाकडे वळूं. लघवीच्या जळजळीचें सर्वांत अधिक आढळणारें कारण म्हणजे मूत्राशयांतील जंतुदोष, आणि त्यांतही बहुतेक वेळां सांपडणारा जंतु एकच. थिओडोर एशेरिश ह्या वैद्यकपंडितानें १८८५ सालीं त्याचें वर्णन केलें, म्हणून त्यास ‘एशेरिकिया कोलाय’ किंवा थोडक्यांत ‘ई. कोलाय’ असें म्हणतात. हा जंतु बाहेरून कोठून येत नाहीं. तो आपल्याच आंतड्यांत राहतो. शौचाच्या जागेपासून मूत्रमार्गाच्या तोंडापर्यंतचें अंतर स्त्रियांत फार थोडें असतें, आणि त्यांचा मूत्रमार्गही सुमारें चार सेंटिमीटरच लांब असतो. पुरुषांचा सुमारें अठरा ते वीस सेंटिमीटर असतो. म्हणून हा विकार स्त्रियांस अधिक होतो. ह्यांत अस्वच्छतेचा किंवा आचरणाचा दोष शोधणें हें अज्ञान आहे, आणि घरांतील सुनेस त्यावरून बोल लावणें हा अन्याय आहे.

परंतु हे जंतु तर सर्वांच्याच आंतड्यांत असतात. मग एखादीसच हा त्रास पुनःपुन्हां कां व्हावा? कांहींची शरीराची उपजत ठेवणच तशी असते, त्यास इलाज नाहीं. ज्यावर आपला हात चालतो असें कारण म्हणजे पाणी कमी पिणें व लघवी दाबून ठेवणें. लघवी वाहती राहिली म्हणजे वर चढूं पाहणारे जंतु धुऊन निघतात. ती साचून राहिली म्हणजे तेथेंच त्यांची वाढ होते. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथें सांगण्यासारखा आहे. वर्षांत तीन किंवा अधिक वेळां हा विकार झालेल्या व पाणी कमी पिणाऱ्या, पाळी चालूं असलेल्या १४० स्त्रिया त्यांत घेतल्या होत्या. त्यांपैकीं निम्म्यांना रोजच्यापेक्षां दीड लिटर पाणी अधिक पिण्यास सांगितलें. बारा महिन्यांत ह्या स्त्रियांस सरासरी १.७ वेळां विकार झाला, आणि नेहमींप्रमाणेंच पाणी पिणाऱ्यांस ३.२ वेळां. एवढ्या स्वस्त औषधाचा एवढा गुण क्वचितच पाहावयास मिळतो.

असें असतां आमच्या घरांतून होतें काय? ज्या घरांत अद्याप सोवळ्यांत स्वयंपाक होतो तेथील श्राद्धपक्षाचा किंवा गौरीजेवणाचा दिवस घ्यावा. पहाटे स्नान करून सोवळें नेसलेली सून शेगडीपुढें उभी राहते ती नैवेद्य होऊन पंक्ति उठेपर्यंत. मध्यें लघवीस गेल्यास पुन्हां स्नान, पुन्हां दुसरें सोवळें. म्हणून ती जात नाहीं, आणि जावें लागूं नये म्हणून पाणीही पीत नाहीं. वर स्वयंपाकघराची धग ती निराळीच. चौथ्या दिवशीं तिला जळजळ होऊं लागली म्हणजे आपण म्हणतों कीं, पुरणपोळीनें उष्णता झाली! सोवळ्याच्या बाजूनें किंवा विरुद्ध बोलण्याचें हें स्थळ नव्हे. पण ज्या परंपरेच्या नांवानें हें चालतें, त्याच परंपरेंतील चरकसंहितेनें सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत अडवूं नयेत असे तेरा वेग सांगितले असून, मूत्राचा वेग त्यांत पहिला घेतला आहे. आणि तो अडविल्यानें बस्तींत शूळ व मूत्रकृच्छ्र होतें असेंही म्हटलें आहे. सणाच्या दिवशीं दोघीतिघींनीं सोवळें वांटून घेतलें तर नैवेद्यास कांहीं उणें येणार नाहीं.

ज्या घरांतून सोवळें केव्हांच गेलें तेथील मुलीसुनाही ह्यांतून सुटल्या आहेत असें नाहीं. सकाळीं गाडी गांठावयाची म्हणून चहावरच निघणें, कचेरींतील किंवा शाळेंतील संडास जाण्यासारखा नाहीं म्हणून दिवसभर पाणी न पिणें, आणि सायंकाळीं घरीं पोंचेपर्यंत दाबून ठेवणें, हा त्यांचा नित्यक्रम होऊन बसला आहे. मुंबईंत २०११ सालीं स्त्रियांनीं ‘राइट टू पी’ ह्या नांवाची चळवळ सुरू केली तेव्हां कित्येकांस त्या नांवाचेंच हंसूं आलें. स्त्रियांस स्वच्छ, सुरक्षित व पुरुषांप्रमाणेंच विनामूल्य अशा मुताऱ्या मिळाव्या, ही त्यांची मागणी होती. आमच्या मतें ती आरोग्याचीच मागणी होती.

आतां जिच्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला ती गोष्ट. औषध घेतलें, तरी जळजळ जात नाहीं. अशा वेळीं काय समजावें?

जंतुदोष असून औषध योग्य असेल तर दोन-तीन दिवसांत स्पष्ट उतार पडतो. दाह झालेलें अस्तर पूर्ववत् होण्यास आणखी कांहीं दिवस जातात, तेवढ्या काळांत किंचित् हुळहुळ राहिली तर भिण्याचें कारण नाहीं. परंतु उतारच पडत नसेल, किंवा औषध संपतांच त्रास परत येत असेल, तर दोनच गोष्टी संभवतात. एक, जंतु आहे पण तो ह्या औषधास दाद देत नाहीं, किंवा त्यास कोठें आश्रय मिळाला आहे. दुसरी, हा जंतुदोषच नाहीं. ह्यांपैकीं कोणती खरी हें अंदाजानें ठरत नाहीं, आणि तीच गोळी पुन्हां घेऊन तर मुळींच ठरत नाहीं. आपल्याकडे घरोघरीं औषधांचा एक डबा असतो. त्यांत मागच्या वेळच्या चार गोळ्या उरलेल्या असतात, आणि जाऊबाईंस ज्यानें गुण आला तें धाकटीसही द्यावें असा प्रेमळ व्यवहार चालतो. ह्याच व्यवहारानें सिप्रोफ्लोक्सॅसिनसारख्या एके काळच्या गुणकारी औषधांस आपल्या देशांतील ई. कोलाय जंतु मोठ्या प्रमाणांत जुमानीनासे झाले आहेत. औषधाच्या दुकानांतून आणलेल्या लघवीच्या गोड औषधाविषयींही सांगावयास हवें. तें लघवीचा आम्लपणा कमी करून जळजळ शमवितें, जंतु मारीत नाहीं. शिवाय अशा कित्येक औषधांत सोडियम असतें, म्हणून रक्तदाब व हृदयविकार असलेल्यांनीं तें परभारें घेऊं नये.

ह्या अवस्थेंत लघवीची ‘कल्चर’ नांवाची तपासणी करावी लागते. तींत लघवींतील जंतु वाढवून, तो कोणता व कोणत्या औषधानें मरतो हें पाहतात. म्हणून उत्तर मिळण्यास दोन-तीन दिवस लागतात. साध्या तपासणींत ‘पस सेल्स’, म्हणजे पू-पेशी, किती एवढेंच कळतें. जंतूची जात कळत नाहीं. कल्चरसाठीं लघवी देण्यापूर्वीं अँटिबायोटिकची एकही गोळी घेऊं नये. दोन गोळ्या पोटांत गेल्या म्हणजे जंतु मरत नाहींत, पण तपासणींत वाढतही नाहींत. मग ‘जंतु नाहीं’ असा कागद हातीं येतो आणि डॉक्टरही चकतात. जागा नुसत्या पाण्यानें धुवावी, पहिली धार सोडून द्यावी, मधली धार प्रयोगशाळेनें दिलेल्या निर्जंतुक डबींत धरावी, आणि तासाभरांत ती पोंचती करावी. तें शक्य नसल्यास डबी शीतकपाटांत ठेवावी. शीतकपाटांत दुधातुपाशेजारीं ती ठेवण्यास घरांत हरकत घेतली जाईल हें आम्ही जाणून आहों. दुहेरी पिशवींत गुंडाळून निराळ्या कप्प्यांत ठेवली म्हणजे झालें. उन्हाळ्यांत चार तास तशीच बाहेर राहिलेली लघवी तपासणें व्यर्थ आहे.

निकाल हातीं आला कीं ‘एक लाख’ हा आंकडा कित्येकांच्या दृष्टीस पडतो. दर मिलिलिटरमागें एक लाख जंतु आढळल्यास दोष धरावा, हें प्रमाण एडवर्ड कास ह्यांच्या १९५० नंतरच्या दशकांतील संशोधनानें रूढ झालें. परंतु तें प्रमाण म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. जळजळीनें हैराण झालेल्या स्त्रीच्या लघवींत त्याहून पुष्कळ कमी जंतु असले तरी ते कारण असूं शकतात. उलट ऐंशी वर्षांच्या आजोबांस कांहींच त्रास नसतां तपासणींत लाखांनीं जंतु सांपडले, तर बहुधा त्यांस औषध देण्याचें कारण नसतें. वृद्धांत असे जंतु निरुपद्रवीपणें राहतात. गर्भवतीची गोष्ट मात्र वेगळी. तिला त्रास नसला तरी लघवींतील जंतूंवर उपचार केलाच पाहिजे, नाहीं तर दोष मूत्रपिंडापर्यंत चढण्याचा धोका असतो.

पू-पेशी पुष्कळ, पण कल्चरमध्यें जंतु नाहीं, असा निकाल येतो तेव्हां खरी परीक्षा असते. मूतखडा, शरीरसंबंधांतून येणारे कांहीं जंतुदोष व अपुरें अँटिबायोटिक हीं कारणें त्यांत येतात. आमच्या देशांत त्यांबरोबर आणखी एक नांव घ्यावेंच लागतें; तें म्हणजे मूत्रमार्गाचा क्षय. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांतील थोरल्या सूनबाईंस आठ महिने ही जळजळ होती. दर वेळीं निकाल तोच, पू-पेशी आहेत व जंतु नाहींत. आणि दर वेळीं गोळ्याही त्याच. वजन थोडें उतरलें होतें, तें कामामुळें असेल असें सर्वांनीं मानलें. शेवटीं त्यांच्या सासूबाईंनीं हट्ट धरला कीं, आतां गोळी नको, कारण सांगा. पहांटेची पहिली लघवी लागोपाठ तीन दिवस तपासली तेव्हां क्षयाचे जंतु सांपडले. तोंपर्यंत एका बाजूची मूत्रनलिका आकसून तें मूत्रपिंड फुगूं लागलें होतें. नळी घालून व क्षयाचीं औषधें नेमानें देऊन तें वांचलें. आणखी कांहीं महिने गेले असते तर वांचतेंच असें नाहीं. क्षयाचा जंतु नेहमींच्या कल्चरमध्यें वाढत नाहीं, त्यासाठीं निराळी तपासणी मागावी लागते, एवढी गोष्ट घरांतील एका तरी माणसास ठाऊक असावी म्हणून ही हकीकत दिली.

कधीं कधीं विकार मूत्राशयांत नसतोच. लघवी बाहेर पडतांना आंतून जळतें, कीं बाहेरच्या त्वचेस लागून झोंबतें, हें ज्याचें त्यानें नीट ध्यानांत घ्यावें. बाहेरची आग व खाज ही बहुधा बुरशीनें किंवा साबण व जंतुनाशक द्रव ह्यांच्या अतिरेकानें होते. स्वच्छतेच्या भरांत रोज जंतुनाशकानें धुणाऱ्या स्त्रियांस आम्ही नुसतें पाणी वापरण्याचा सल्ला देऊं. बुरशी वारंवार होत असेल तर रक्तांतील साखर पाहावी. मधुमेहावर हल्लीं डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ह्या वर्गांतील औषधें दिलीं जातात; तीं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि म्हणून बाहेरील भागीं बुरशी होण्यास कारण होतात. औषध चांगलें आहे, तें आपण होऊन बंद करूं नये. पण हा त्रास होतो असें डॉक्टरांस सांगावें.

पाळी गेल्यानंतर सुरू होणाऱ्या जळजळीचें कारण निराळें. ईस्ट्रोजेन हा अंतःस्राव कमी झाल्यानें तेथील त्वचा पातळ व कोरडी होते, आणि जंतूंस आळा घालणारे मित्रजंतूही कमी होतात. ह्यावर तेथेंच लावावयाचें ईस्ट्रोजेनचें मलम मिळतें, आणि त्यानें वारंवार होणारा जंतुदोषही कमी होतो. ‘आतां वयच झालें’ असें म्हणून सासूबाई व आत्याबाई जें सोसतात त्यावर एवढा साधा उपाय आहे, हें त्यांस कोणी सांगितलेलेंच नसतें.

पुरुषांत पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथि वाढून मूत्राशय पुरता रिकामा होत नाहीं. धार बारीक होणें, रात्रीं तीन-चार वेळां उठावें लागणें, झाल्यावरही राहिल्यासारखें वाटणें, हीं त्याचीं चिन्हें होत. पुरुषास, विशेषतः वयस्कास, जंतुदोष झाला तर त्यामागें असा अडथळा आहे काय हें सोनोग्राफीनें पाहणें आवश्यक असतें. मामंजी हें सुनेस सांगणार नाहींत आणि मुलासही सांगणार नाहींत. नातवानेंच त्यांस डॉक्टरांकडे न्यावें, असा आमचा अनुभव आहे.

इतकें सर्व पाहून कांहींच सांपडलें नाहीं, तर? येथें रुग्णावर दुसरी आपत्ति येते. सर्व कागद स्वच्छ निघाले म्हणजे घरचीं माणसें, आणि केव्हां केव्हां डॉक्टरही, ‘मनाचे खेळ आहेत’ असें म्हणूं लागतात. परंतु जंतूवांचून मूत्राशय दुखतो ही गोष्ट वैद्यकास नवी नाहीं. बॉस्टन येथें १९१४ सालीं गाय हनर ह्यांनीं अशा कांहीं स्त्रियांची हकीकत वैद्यांपुढें ठेवली होती, आणि मूत्राशयाच्या अस्तरावर त्यांना आढळलेले व्रण अद्याप त्यांच्या नांवानें ओळखले जातात. आज ह्या विकारास ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ म्हणतात. मूत्राशय भरूं लागला कीं वेदना वाढते आणि रिकामा झाला कीं कांहीं काळ उतरते, ही त्याची मुख्य खूण. बहुतेकांत व्रण दिसतही नाहींत. कांहीं जणींस चहा, कॉफी, लिंबू, टोमॅटो, मिरची ह्यांनीं तो चाळवतो, त्यांनीं एकेक पदार्थ वगळून पाहावा. कांहींत ओटीपोटाच्या तळाचे स्नायु सतत आंवळलेले राहतात. ते सैल सोडण्यास शिकविणारे भौतिकोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरांतून आतां भेटतात. हा विकार एका गोळीनें बरा होत नाहीं, पण बऱ्याच अंशीं आटोक्यांत येतो, आणि जिला तो आहे ती सोंग करीत नाहीं एवढें घरानें मान्य केलें तर तिचें अर्धें ओझें उतरतें.

थांबूं नये अशीं लक्षणें थोडीं आहेत, तीं मोठ्या मुलींनींही पाठ करावीं. थंडी वाजून ताप, बरगडीखालीं पाठींत दुखणें, ओकाऱ्या, लघवींतून रक्त, लघवी अजिबात न होणें, आणि ह्यांखेरीज गर्भारपण व लहान मूल. ह्यांत त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. रक्त एकदांच दिसून, कांहीं न दुखतां, थांबलें तरी तें सोडून देऊं नये. तंबाखू किंवा विडीसिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत तर नाहींच नाहीं, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाची तीच पहिली खूण असूं शकते. बाकीच्यांनीं दोन दिवस भरपूर पाणी, धण्याजिऱ्याचें किंवा बार्लीचें पाणी खुशाल घ्यावें. हृदयविकार व मूत्रपिंडाच्या विकारांत ज्यांचें पाणी मोजून ठेवलेलें आहे त्यांनीं मात्र विचारल्यावांचून वाढवूं नये.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं तीन दिवसांची एक नोंद करून न्यावी, असें आम्ही सुचवितों. किती वाजतां किती पाणी प्यालें, किती वाजतां लघवी झाली, मापाच्या जुन्या भांड्यांत ती किती भरली, जळजळ आधीं, मध्यें कीं शेवटीं, आणि गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या सर्व औषधांचीं नांवें, एवढें एका कागदावर असलें म्हणजे तोंडानें सांगतांना जो संकोच वाटतो तो पुष्कळ कमी होतो. कित्येकींस तर तो कागद नुसता पुढें करणेंच सोपें जातें. मूतखड्याविषयीं येथें केवळ उल्लेख झाला. पालेभाज्या, दूध व मीठ ह्यांविषयीं त्या संबंधांत बरींच पत्रें आलीं आहेत, त्यांचा विचार पुढील अंकीं करूं.